कुबडी घसरते, काख दुखते, हात बधिर होतो: एक पाय गमावल्यानंतर कुबड्या कशा तपासाव्यात

आधी लक्षणं पाहू. यातलं एखादं जरी रोज जाणवत असेल तर पुढची तपासणी क्रमाने करा.

- ओल्या किंवा नुकत्याच पुसलेल्या फरशीवर कुबडीचं टोक सरकतं.
- काखेत लाल पट्टा उमटतो, घाम आला की तिथे झोंबतं.
- बोटांना मुंग्या येतात, अंगठ्याच्या मागचा भाग बधिर वाटतो, कप उचलताना मनगट ढिलं पडतं.
- तळहाताची गादी आणि मनगट संध्याकाळी ठणकतं.
- भार टाकला की ‘टक्’ आवाज येतो, किंवा कुबडी तांदळाच्या दाण्याएवढी खाली बसते.
- खांदे कानाजवळ येतात, किंवा उलट, कंबरेतून वाकून चालावं लागतं.
- कृत्रिम पाय लावलेला असतो, सकाळी ठीक असतं, पण दुपारनंतर सगळा भार कुबड्यांवर येतो.

अशा वेळी घरचे आणि शेजारी एकच सांगतात: सवय नाही, हातात ताकद नाही, होईल हळूहळू. बहुतेक वेळा हे खरं नसतं. दोष मापात असतो किंवा तळाच्या रबरात. हाड मोडलेला माणूस सहा-आठ आठवडे कुबड्या वापरतो आणि तोल गेलाच तर दुसरा पाय जमिनीला लावून सावरतो. पाय गमावलेल्या माणसाकडे ती सोय नसते, आणि तो कुबड्या वर्षानुवर्षं वापरतो. पहिल्याला चालून जाणारी दोन-तीन सेंटीमीटरची चूक दुसऱ्याच्या हाताची नस दुखावते. दुकानातून किंवा शिबिरातून आलेली जोडी कुणाच्याच मापाची नसते, ती आपल्या मापाला लावून घ्यायची असते.

तपासणीसाठी शिंप्याची टेप, खडू किंवा पेन, ओलं फडकं, जुना टूथब्रश आणि मदतीला एक माणूस एवढं पुरे. उभं राहायचं ते भिंतीच्या कोपऱ्याशी, मागे पलंग किंवा जड खुर्ची ठेवून. मदतनीसाने नसलेल्या पायाच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे उभं राहावं आणि कमरेचा पट्टा धरावा. दंड धरू नये. दंड धरला की त्या बाजूची कुबडी अडकते आणि सावरायला गेलेला माणूसच पाडतो.

१. तळाचं रबर

सगळ्यात स्वस्त भाग हाच, आणि घसरण्याच्या तक्रारीत सगळ्यात जास्त वेळा दोषी निघतो तोही हाच. कुबडी उलटी करून उजेडात धरा.

खाचा भरल्या असतील तर ब्रशने माती काढा. गुळगुळीत झाल्या असतील तर रबर बदला. खाचा शिल्लक दिसतात म्हणून रबर चांगलं असेल असंही नाही. अंगठ्याचं नख दाबून पाहा. नख रुततच नसेल आणि पृष्ठभाग चकचकीत असेल तर रबर वाळून कडक झालं आहे. कपाटात दोन वर्षं पडून राहिलेली ‘नवी’ जोडी याच कारणाने पहिल्याच दिवशी घसरते.

आता रबर काढून आत बघा. चांगल्या रबराच्या तळाशी लोखंडी चकती असते. ती नसेल तर नळीची धार हळूहळू रबर कापत जाते, आणि एक दिवस ॲल्युमिनियम थेट फरशीला लागतं. चकती नसलेलं रबर वापरावंच लागलं तर हार्डवेअरच्या दुकानातून आत सपाट बसेल असं स्टीलचं वायसर घेऊन तळाशी टाका.

नवं रबर आणताना अंदाजाने आणू नका. नळीभोवती दोरा गुंडाळून मोजा. घेर सुमारे ६० मिमी भरला तर १९ मिमीचं रबर लागेल, ६९ भरला तर २२ मिमीचं आणि ७९ भरला तर २५ मिमीचं. सैल रबरावर चिकटपट्टीचे वेढे देऊन घट्ट करण्याची युक्ती पावसात टिकत नाही. चिखलात पट्टी ओली होते आणि रबर बांधावरच राहतं. बसवताना तेल लावू नये, तेलाने रबर फुगतं आणि निसटतं. साबणाच्या पाण्यात बुडवून पिळत चढवा, रात्रभर वाळू द्या. दोन्ही बाजूंची रबरं एकाच वेळी बदला, नाहीतर एक बाजू धरते आणि दुसरी सरकते. एक जोडी घरात शिल्लक असावी.

लाकडी कुबडीला चांभाराकडून टायरचा तुकडा खिळ्याने मारून घेण्याची पद्धत अजून आहे. टायरचं रबर रस्त्यासाठी कडक बनवलेलं असतं, ओल्या गुळगुळीत फरशीवर ते धरत नाही. शिवाय झिजलं की खिळ्याचं डोकं बाहेर येतं, आणि मग फरशीवर रबराऐवजी लोखंडच टेकतं. हे टाळा.

जुनं रबर फेकण्याआधी ते कुठल्या कडेला झिजलं आहे हे जरूर पाहा. आतली, म्हणजे शरीराकडची कड झिजली असेल तर कुबड्या फार फाकवून टाकल्या जात आहेत. मागची कड झिजली असेल तर टोक फार पुढे टाकलं जातं. एकाच कुबडीचं रबर लवकर संपत असेल तर भार त्या बाजूला जास्त जातो, आणि पुढच्या तपासण्यांत ती बाजू आधी बघायची.

२. बटणं, नट आणि भोकं

‘टक्’ आवाज इथून येतो. ॲल्युमिनियमच्या कुबडीत खालची नळी स्प्रिंगच्या बटणांवर उभी असते. दोन्ही बटणं भोकातून पूर्ण बाहेर आलेली हवीत. एक बटण अर्धवट अडकलेलं असेल तर कुबडी सरळ उभी राहते, पण भार तिरका आला की आत सरकते. बटण दाबून नळी बाहेर काढा, ब्रशने माती आणि गंज काढा, कोरडं करून परत बसवा. कोकणच्या खाऱ्या हवेत स्टीलची स्प्रिंग गंजते, तिथे हे दर महिन्याला करावं.

भोक लंबगोल झालं असेल, नळीला बारीक चीर असेल किंवा वेल्डिंगच्या जागी रेघ दिसत असेल तर ती कुबडी दुरुस्त करत बसू नका. बटण तुटलं म्हणून भोकात खिळा घालणं तर अजिबात नको. खिळा वाकतो, आणि वाकताना आधी काहीच कळत नाही.

मुठीचा बोल्ट आणि विंग नट हाताने घट्ट होईल तेवढा पिळा. मूठ हातात फिरत असेल तर मनगट तिला स्थिर धरण्यात दिवसभर राबतं, दुखण्याचं कारण तेच. लाकडी कुबडीत पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि उन्हाळ्यात आटतं, म्हणून ऋतू बदलला की नट पुन्हा तपासायचा.

३. एकूण उंची

आता टेप. रोज घालता तीच चप्पल किंवा बूट शाबूत पायात घाला. उंची शाबूत पायावरून ठरते, कृत्रिम पायावरून नाही. खांदे सैल सोडा. कुबडीचं टोक पावलाच्या बोटांपासून सुमारे १५ सेमी पुढे आणि १५ सेमी बाहेर टेकवा. काखेची घडी आणि कुबडीची गादी यांत आडवी दोन ते तीन बोटं, म्हणजे ४ ते ५ सेमी जागा हवी.

एक पाय नसताना इथे हमखास चूक होते. उभं राहताना शाबूत पाऊल शरीराच्या मध्यरेषेकडे येतं. मग नसलेल्या पायाच्या बाजूची कुबडी कुठून मोजायची हे कळत नाही, आणि ती अंगाला चिकटून टेकवली जाते. तिथे पाऊल आहे असं समजून, कमरेच्या हाडाच्या रेषेतून बाहेर १५ सेमी धरा. दोन टोकं आणि एक पाऊल मिळून त्रिकोण पसरट झाला पाहिजे. अरुंद त्रिकोणावर तोल राहत नाही.

जागा उरत नसेल, म्हणजे गादी काखेत घुसत असेल, तर कुबडी उंच आहे. काखेतून हाताकडे जाणाऱ्या नसा तिथे दाबल्या जातात. मनगट वर उचलणारी नस त्यात सगळ्यात आधी दुखावते. मुंग्या आणि ढिलं मनगट यांचं मूळ तिथे आहे. कुबडी बुटकी असेल तर माणूस कंबरेतून वाकतो आणि तोल पुढे जातो.

बहुतेक कुबड्यांना एकेक इंचावर भोकं असतात. दोन्ही बाजूंची भोकं मोजा, ती सारखी हवीत. ठरलेल्या भोकाशी न पुसणाऱ्या पेनने खूण करा, कारण घरातलं कुणीतरी झाडू मारताना, पाहुणा गंमत म्हणून किंवा मूल खेळताना ते बदलतंच.

घरात अनवाणी आणि बाहेर जाड तळव्याचा बूट असेल तर फरक दोन-तीन सेंटीमीटरचा पडतो. मग एक भोक घरासाठी, एक बाहेरसाठी. रोज बदलणं जमणार नसेल तर घरातही तेवढ्याच जाडीची, न घसरणारी चप्पल वापरा.

४. मुठीची उंची: उंचीच्या नंतर, आधी नाही

अनेकांची दुरुस्ती इथे फसते. मूठ वरच्या चौकटीला लावलेली असते. खालची नळी एक इंच लांब केली की गादीबरोबर मूठही एक इंच वर जाते. म्हणून एकूण उंची बदलली की मूठ पुन्हा बसवावीच लागते.

हात बाजूला सैल सोडा. मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ हवी. मूठ धरल्यावर कोपर २० ते ३० अंश वाकलेलं दिसलं पाहिजे, म्हणजे सरळ हाताच्या किंचित अलीकडे. एवढा वाक असला की पाऊल उचलताना कोपर सरळ करून शरीर वर ढकलता येतं. मूठ फार खाली असेल तर हात आधीच सरळ असतो, ढकलायला काही उरत नाही आणि माणूस काखेवर लोंबकळतो. मूठ फार वर असेल तर कोपर जास्त वाकतं, दंडाच्या मागचा स्नायू थकतो, खांदे वर चढतात, आणि थकला की माणूस पुन्हा काखेवरच येतो.

५. गादी आणि मुठीवरचं आवरण

काख दुखते म्हणून गादीवर जुन्या साडीचे पदर गुंडाळणं हा सगळ्यात जास्त केला जाणारा उपाय, आणि तो दुखणं वाढवतो. तीन सेंटीमीटर कापड म्हणजे तीन सेंटीमीटर उंची वाढली, ठेवलेली मोकळी जागा संपली. शिवाय मऊ गादी टेकायला बोलावते. गादी काखेत घ्यायची नसते, ती दंड आणि बरगड्या यांच्यामध्ये चिमटीत धरायची असते. भार तळहातावर जायला हवा. जुनी गादी फाटली असेल तर त्याच जाडीची नवी बसवा.

मुठीवर मात्र आवरण वाढवायला हरकत नाही. पातळ प्लास्टिकची मूठ तळहाताच्या एका रेषेत रुतते. सायकलची फोमची मूठ चढवा, किंवा जुन्या सायकल ट्यूबची २ सेमी रुंद पट्टी ताणून, एकावर एक अर्धी येईल अशी गुंडाळा. धरल्यावर अंगठा आणि मधलं बोट एकमेकांजवळ यावीत. त्याहून जाड झाली तर पकड सैल पडते. उन्हाळ्यात घाम येणाऱ्यांनी वरून सुती कापडाचा पट्टा गुंडाळावा आणि तो धुवावा, कारण ओलं रबर हातात फिरतं.

एक सवय बघा: थांबल्यावर स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, कुबडीच्या मुठीवर टेकवून ठेवला जातो का? आराम वाटतो, पण त्याने गुडघा किंवा जांघ वाकलेल्या स्थितीत आखडते. आखडलेल्या सांध्यावर पुढे कृत्रिम पाय नीट बसत नाही. थांबायचं असेल तर बसा.

६. टोक कुठे पडतं

माप बरोबर असूनही घसरत असेल तर दहा पावलं चालून दाखवायला सांगा. फरशीच्या सांध्यांवर नजर ठेवा, अंतर लगेच कळतं. टोक फार पुढे टाकलं की कुबडी तिरकी होते आणि रबर तळाने न टेकता एका कडेने टेकतं, मग चांगलं रबरही सरकतं. पल्ला एक फुटाच्या आसपास ठेवा. गडबडीत, विशेषतः बस सुटत असताना, हाच पल्ला दुप्पट होतो.

बाहेरून घरात येताना रबर पायपुसण्यावर दाबून पुसा. फिनेलने पुसलेली फरशी आणि मोरीतली साबणाची फरशी यांवर कुठलंच रबर पूर्ण धरत नाही. तिथे भिंतीला पकडदांडा लावणं हाच उपाय आहे, कुबडी बदलून काही होत नाही. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडावर आणि अंगणातल्या चिऱ्यावरही तेच. शेतात, चिखलात टोक रुतत असेल तर पसरट तळाचं रबर मिळतं. ते घरात मात्र उंबरठ्याला अडकतं.

जिन्याचा नियम लक्षात असू द्या: चढताना शाबूत पाय आधी, उतरताना कुबड्या आधी.

७. कृत्रिम पाय वापरत असाल तर

सकाळी ठीक आणि दुपारनंतर कुबड्यांवर भार, हे लक्षण बऱ्याचदा कुबडीचं नसतंच. दिवसभरात स्टंप आटतो, सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या वाटीत तो बसतो तिच्यात, खोल जातो आणि पाय तेवढा आखूड पडतो. मग शरीर त्या बाजूला कलतं आणि हात ती उणीव भरून काढतात. दुपारी सॉकेट काढून, कृत्रिम पाय बसवणाऱ्या तंत्रज्ञाने दिलेल्या मोज्यांपैकी एक पातळ मोजा वाढवा, पुन्हा चाला. हाताचा ताण कमी झाला तर कारण सापडलं. मोज्यांवर मोजे चढवायची वेळ रोज येत असेल तर सॉकेट बदलायला झालं आहे.

दुसरी गोष्ट टाचेची. प्रत्येक कृत्रिम पाऊल ठरावीक टाचेच्या उंचीसाठी बसवलेलं असतं. जयपूर फूट अनवाणी चालता यावं म्हणून घडवलेलं आहे. त्यावर उंच टाचेचा बूट चढवला की गुडघा पुढे ढकलला जातो. उलट, बुटासाठी बसवलेलं पाऊल अनवाणी वापरलं की गुडघा मागे जातो. चप्पल बदलली आणि त्याच आठवड्यात तक्रार सुरू झाली असेल तर जुनी चप्पल घालून पाहा.

कंबर एका बाजूला खाली दिसते म्हणून टाचेखाली रबराचा तुकडा चिकटवू नका. मांडीपासून लावायचा पाय पाऊल जमिनीला अडकू नये म्हणून कधीकधी मुद्दाम किंचित आखूड ठेवतात. तो निर्णय तंत्रज्ञाचा.

कुबड्या सोडून एकाच काठीवर यायचं असेल तर काठी शाबूत पायाच्या बाजूच्या हातात धरायची. बरेचजण ती कृत्रिम पायाच्या बाजूला धरतात आणि त्याच बाजूला झुकत चालतात.

८. हाताची बोटं किंवा पंजाही नसेल तर

बोटं कमी असतील तर मूठ जाड करणं आणि वर रुंद वेल्क्रो पट्टा लावणं बहुतेक वेळा पुरतं. माणूस पडताना हात सुटून येईल इतपत पट्टा सैल ठेवा. हात कुबडीत अडकून पडलं तर हाड मोडतं.

पंजा नसेल तर कोपर काटकोनात ठेवून पूर्ण अग्रबाहू टेकता येईल अशी पन्हळीची कुबडी लागते. तिचं माप उभं असताना कोपरापासून जमिनीपर्यंत घेतात. पन्हळीची मागची कड कोपराच्या हाडापासून ३ ते ५ सेमी पुढे थांबली पाहिजे, नाहीतर करंगळीकडे जाणारी नस दबते. हाताच्या स्टंपचं टोक कुठेही टेकता कामा नये. हे काम घरी करू नका. गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडे लोखंडी पन्हळ वेल्ड करून घेणंही नको, वजन वाढतं आणि भार एका जोडावर येतो.

इथे थांबा

पुढचं काही दिसलं तर माप बदलत बसण्यात वेळ घालवू नका.

हात थंड, पांढरट किंवा निळसर पडला तर त्याच दिवशी, लगेच रुग्णालयात जा. काखेतली रक्तवाहिनी दबून त्यात गुठळी होऊ शकते. असं क्वचित होतं, पण ते उद्यावर टाकायचं नसतं.

मनगट वर उचलता येत नसेल, किंवा रात्रभर झोपूनही बधिरपणा गेला नसेल तर काखेच्या कुबड्या वापरणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. दाब वेळीच काढला तर ही नस बहुतेक वेळा भरून येते, पण त्याला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर वॉकर किंवा व्हीलचेअर वापरायची का, हे त्यांना विचारा.

स्टंपवर फोड, जखम, रंगात बदल, दुर्गंधी किंवा ताप असेल तर कृत्रिम पाय लावू नका. मधुमेह असेल तर शाबूत पायाचा तळवा रोज रात्री आरसा धरून पाहा. प्रत्येक उडीचा भार त्याच पायावर येतो, आणि संवेदना कमी असल्यामुळे जखम कळत नाही.

माप बरोबर असूनही महिन्यात दोनदा पडणं झालं असेल तर तोल, नजर, औषधं यांची तपासणी फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टरांनी करायला हवी.

मुंबईत हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र ही या कामाची जुनी ठिकाणं. पुण्याचं केंद्र लष्कराचं, १९४४ पासूनचं, पण तिथे नागरिकांवरही उपचार होतात. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयाचा फिजिओथेरपी विभाग किंवा जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्र गाठा. केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेतून पात्र व्यक्तींना साधनं मोफत किंवा सवलतीत मिळतात, त्यासाठी युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा.

जाताना दोन्ही कुबड्या, काढून ठेवलेली झिजलेली रबरं, घरातली आणि बाहेरची अशा दोन्ही चपला, कृत्रिम पाय आणि सगळे मोजे सोबत न्या. दुखणं सुरू झाल्याची तारीख आणि त्या सुमारास काय बदललं तेही कागदावर लिहून न्या, चप्पल, भोक, रबर, मोजा, काहीही असो.